गोव्यात कार्पेट ॲनिमोनी (गालिच्यासारखं पसरणारं समुद्रफूल) ठेवायचंय? लाईटचं नंतर बघू, आधी गरमी आणि वाळूचं बोलू

फोंड्याहून एकाने विचारलंय, बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. चार फूट बाय दीड बाय दीडचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा), चालू होऊन आठ महिने झालेत, वाळू इंचभर, आत ओसेलारिस क्लाऊनमाशांची जोडी, एक मँडरिन मासा, एक वॉचमन गोबी मासा आणि थोडे सॉफ्ट कोरल. मुंबईच्या एका विक्रेत्याने हिरव्यागार कार्पेटचा फोटो पाठवलाय. घेऊ का, लाईट कुठला लावू, आणि मिरामार किनाऱ्यावरचं समुद्राचं पाणी आणून वापरलं तर चालेल का, असे तीन प्रश्न.

बाब, आत्ता घेऊ नका. कधीच घेऊ नका असं म्हणत नाही, डिसेंबर-जानेवारीपर्यंत टँक तयार होऊ शकतो, पण तो तयार करायचा म्हणजे काय ते आधी नीट वाचा, कारण कार्पेट हा टँकमध्ये घालायचा अजून एक प्राणी नव्हे, ते आलं की टँक त्याचा होतो आणि बाकी सगळे त्याच्या मर्जीने राहतात.

पहिलं म्हणजे कुठलं कार्पेट. बाजारात कार्पेट म्हणून तीन जाती फिरतात आणि विकणाऱ्यालाही बऱ्याचदा फरक माहीत नसतो. हॅडोनी वाळूतलं, पाय वाळूत गाडून तोंड वर करून पसरतं, स्पर्शक आखूड आणि भयंकर चिकट, बोट लावलं तर सोडत नाही. जायगँटिया उथळ पाण्यातलं, स्पर्शक थोडे लांब आणि सतत थरथरत असतात, बघायला सगळ्यात देखणं आणि ठेवायला सगळ्यात नखरेल. मर्टेन्साय खडकातलं, समुद्रात मीटरभराच्या वर पसरतं, घरच्या टँकसाठी विसरूनच जा. ओळखायचं तर वरच्या बाजूने नको, खालून कांडाकडे, म्हणजे खोडासारख्या भागाकडे बघा. कडेखाली बारीक पुटकुळ्या असतात, हॅडोनीत त्या कांडाच्याच रंगाच्या, जायगँटियात जांभळट, मर्टेन्सायमध्ये नारिंगी नाहीतर किरमिजी. शिवाय हॅडोनीच्या कडेला एक लांब एक आखूड असे स्पर्शक आळीपाळीने दिसतात. तुमच्या फोटोत फक्त वरचा हिरवा रंग दिसतोय, त्यावरून मी काही सांगू शकत नाही आणि दुसऱ्या कोणी छातीठोक सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पहिलं कार्पेट असेल तर हॅडोनीच घ्या, मुक्कामाला ते त्यातल्या त्यात दणकट.

आता मापाचं गणित करा. हॅडोनी घरच्या टँकमध्ये आरामात ४०-५० सेंटीमीटर पसरतं. तुमच्या टँकची रुंदी दीड फूट म्हणजे ४५ सेंटीमीटर. म्हणजे पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत कार्पेट, आणि खडक सगळे एका बाजूला सरकवावे लागणार. त्यात मँडरिन आणि वॉचमन गोबी, दोघेही वाळूवर बसणारे. रात्री लाईट गेल्यावर मासा अंधारात दचकतो, उडतो, आणि कार्पेटवर पडला की संपला, सकाळी हाडंसुद्धा सापडत नाहीत. रात्री वाळूवर विसावणारे, भित्रे, हळू पोहणारे, सगळे धोक्यात. हॅडोनी मुळात मासे खाणारं आहे, ते त्याचं काम करतं. मँडरिनला आणि गोबीला आधी दुसरं घर बघा, ते जमणार नसेल तर कार्पेटचा विषय इथेच संपला असं मी तरी मानेन.

वाळू इंचभर चालणार नाही. हॅडोनीला ४ ते ६ इंच लागते, त्याचा पाय वाळूतून खाली तळाच्या काचेला जाऊन चिकटतो आणि काही बिनसलं की सगळं कार्पेट आत ओढून घेतं. वाळू कमी पडली तर पाय धरायला जागा शोधत फिरत बसतं आणि फिरणारं ॲनिमोनी शेवटी वेव्हमेकरच्या, म्हणजे पाणी हलवणाऱ्या पंपाच्या जाळीत जातं. मग त्याचे तुकडे, पाणी दुधासारखं, आणि सकाळपर्यंत निम्मा टँक मेलेला. सगळ्या टँकमध्ये सहा इंच वाळू नको असेल तर एका कोपऱ्यात खडकांचा बांध घालून तेवढ्याच भागात खोल वाळू भरा, तेही चालतं. चालू टँकमध्ये एकदम वाळू ओतू नका, नवीन वाळू धुऊन थोडी थोडी करत महिनाभरात वाढवा.

आता गरमी. पुण्या-मुंबईचे लोक लाईटवर पानंच्या पानं लिहितात आणि आपल्याकडची माणसं तेच वाचून महागडा लाईट घेतात, चिलर म्हणजे पाणी थंड करायचं यंत्र मात्र पुढच्या वर्षी बघू म्हणतात. मी उलटं सांगतो, आधी चिलर. कार्पेटला पाणी २५-२६ डिग्रीला हवं, २७ पर्यंत ठीक, २९-३० ला सलग आठवडाभर राहिलं की आतलं सूक्ष्म शेवाळ, ज्याच्या जिवावर ते उन्हातून अन्न बनवतं, ते बाहेर टाकायला लागतं आणि कार्पेट पांढरं पडतं. गोव्यात एप्रिल-मे मध्ये खोलीच ३०-३१ असते, त्यात पंप आणि लाईटची गरमी वेगळी. पुण्याचा मित्र सांगेल की पाण्यावर छोटे फॅन लाव, दोन-तीन डिग्री सहज उतरतं. त्याच्याकडे उतरतं कारण तिथे उन्हाळ्यात हवा कोरडी असते, पाणी भराभर उडून जातं आणि जाताना गरमी घेऊन जातं. आपल्याकडे मे मध्ये हवा आधीच ओली, पाणी उडणार किती आणि थंड होणार किती, फॅनने डिग्री-दीड डिग्री मिळाली तर नशीब, आणि जूनमध्ये तेवढीही नाही. म्हणून आपल्याकडे फॅन हा उपाय नाही, आधार आहे फार तर.

चिलर घेताना कागदावर लिहिलेल्या मापापेक्षा एक साईज मोठा घ्या, कारण ती मापं थंड खोली धरून लिहिलेली असतात. चिलर कपाटात कोंडू नका, तो पाण्यातली गरमी काढून खोलीत ओततो, मागे मोकळी हवा पाहिजे नाहीतर स्वतःच्याच गरम हवेत धापा टाकत बसतो. आणि समुद्राजवळ घर असेल, कळंगुट, बाणावली, मोरजी, तर खाऱ्या हवेने मागची जाळी गंजते, महिन्यातून एकदा ब्रशने साफ करा. फोंड्याला तेवढा त्रास नाही पण धूळ बसतेच.

मग वीज. पावसात झाडाची फांदी तारेवर पडली की किती तास जाईल ते वीज खात्यालाही माहीत नसतं. इन्व्हर्टरवर चिलर टाकायचा प्रयत्न करू नका, फक्त रिटर्न पंप (सम्प म्हणजे खालच्या टाकीतलं पाणी वर नेणारा) आणि एक वेव्हमेकर टाका, दोन्ही डीसी असले तर मिळून ४०-५० वॅट, १५० एएचची चांगली बॅटरी त्यावर रात्र आरामात काढते. पावसाळ्यात बाहेरच २६-२७ असतं त्यामुळे चिलर बंद राहिला तरी कार्पेट मरत नाही, पाणी हलायचं थांबलं तर मात्र मरतं, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी मावतो आणि एवढं मांसल जनावर तो भरपूर ओढतं. खरी वाईट वेळ म्हणजे मे महिन्यात दुपारी लाईट जाणं, तेव्हा दोन-चार बाटल्यांत आरओचं पाणी बर्फ करून फ्रीझरमध्ये ठेवलेलं असू द्या, झाकण घट्ट लावून बाटली सम्पमध्ये तरंगत ठेवायची, बर्फ थेट पाण्यात टाकायचा नाही, खारटपणा बिघडतो.

आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. चवथीला घर बंद करून मूळ गावी चार-पाच दिवस जाणार असाल तर ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारं) आणि शेजारच्या कोणाला तरी दाखवून ठेवलेला मेन स्विच पाहिजेच. त्याच्या आधी घराला रंग काढायचा असतो, तेव्हा तर स्कीमर (हवेच्या बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणारं यंत्र) बंद करा किंवा त्याची हवेची नळी खिडकीबाहेर काढा, नाहीतर रंगाचा सगळा वास ढवळून पाण्यात उतरवायचं काम तो बिनतक्रार करतो. डासांचं लिक्विड, कॉइल, स्प्रे टँकच्या खोलीत बंद. फॉगिंगवाले वाड्यावर आले की खिडक्या लावून घ्या आणि तेव्हाही स्कीमर बंद ठेवा. ही औषधं माणसाला फारशी कळत नाहीत पण मासे, कोळंब्या आणि त्यांच्या जातकुळीला विषच.

मिरामारचं पाणी नको. तिथे मांडवी समुद्राला मिळते, पावसात नदीचं गोडं पाणी एवढं येतं की किनाऱ्याजवळ वरच्या थरात खारटपणा पार खाली जातो, कार्पेटला ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) म्हणजे खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५-१.०२६ पाहिजे आणि रोज तेच पाहिजे. पाऊस संपला म्हणून लगेच पाणी चांगलं झालं असंही नाही, पावसाळ्याच्या शेवटी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खालचं कमी ऑक्सिजनवालं पाणी वर सरकतं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते सगळ्यात जास्त, आणि दोनापावलाच्या एनआयओच्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या) शास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलंय. उन्हाळ्याकडे ट्रायकोडेस्मियम नावाच्या सूक्ष्मजीवाचे तवंग येतात, पाणी लालसर-तपकिरी दिसतं, ते तर बादलीत घेऊच नका. मधल्या काळात लांब बाहेरचं, बोटीवरून घेतलेलं स्वच्छ पाणी मिळत असेल तर ते वापरणारे आहेत, पण कार्पेट असलेल्या टँकला मी सांगेन की आरओ-डीआय फिल्टरचं शून्य टीडीएस (विरघळलेले क्षार नसलेलं) पाणी आणि चांगलं सॉल्ट मिक्स, बस. फोंड्याला ओपाचं पाणी येतं, टीडीएस कमी असतं म्हणून लोक डीआयचा भाग गाळतात, तसं करू नका, आणि पावसात नळाला क्लोरीनचा वास वाढला की कार्बन फिल्टर वेळेआधी बदला.

बाकी पाण्याचे आकडे पटकन सांगतो. नायट्रेट २ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम, अल्कलिनिटी (पाण्याची क्षारधर्मिता) ८-९ डीकेएच आणि ती हलू द्यायची नाही. शून्य नायट्रेटच्या मागे लागू नका, उपाशी पाण्यात कार्पेट फिकं पडतं. टँकमध्ये किंवा त्या काचेत कधी तांब्याचं औषध घातलं असेल तर त्यात ॲनिमोनी ठेवायचंच नाही. आठ महिन्यांचा टँक चालेल, पण वर्षाचा झालेला जास्त चालेल. स्थिर पाणी म्हणजे काय त्याचं एक मजेदार उदाहरण आहे, स्कॉटलंडमध्ये १८२८ साली किनाऱ्यावरून आणलेलं एक साधं समुद्रफूल बरणीत १८८७ पर्यंत जगलं, ना स्कीमर ना लाईट, फक्त नेमाने बदललेलं पाणी. अर्थात तिथे चिलरची गरज नव्हती.

लाईटबद्दल एवढंच की हॅडोनीला वाळूच्या पातळीवर २०० च्या आसपास पीएआर, म्हणजे ‘पार’ (अन्न बनवायला उपयोगी पडणाऱ्या उजेडाचं माप) मिळालं तरी भागतं, जायगँटियाला ३०० च्या वर लागतं. पार मीटर कोणाकडून तरी दोन दिवस मागून आणा. नवीन आलेल्या कार्पेटवर पूर्ण लाईट मारू नका, ३०-४० टक्क्यांवर सुरू करून तीन-चार आठवड्यांत वर न्या.

आता विकत घेणं, इथेच बहुतेकांचं पहिलं कार्पेट मरतं आणि मग ते लाईटला नाहीतर पाण्याला दोष देतात. खरं म्हणजे ते येतानाच आजारी असतं. पकडताना पाय फाटतो, मग पिशवीत दिवस-दीड दिवस, मग दुकानातल्या गरम टँकमध्ये. म्हणून फोटो नको, व्हिडिओ मागा, एक सकाळचा एक संध्याकाळचा, लागोपाठ दोन-तीन दिवसांचा. तोंड घट्ट मिटलेलं पाहिजे, उघडं आणि आतलं बाहेर आलेलं नको. पाय काचेला नाहीतर कशाला तरी धरलेला पाहिजे. स्पर्शकांना काहीतरी लावलं तर चिकटलं पाहिजे. दिवसा उजेडात सारखं फुगतंय आणि मरगळतंय असं दिसलं तर घेऊ नका, कितीही स्वस्त दिलं तरी. पांढरंशुभ्र किंवा भडक पिवळं-निळं मिळालं तर ते रंगवलेलं किंवा ब्लीच झालेलं असण्याचीच शक्यता जास्त.

पार्सल दाबोळीला उतरो की मोपाला, दुपारच्या फ्लाईटचं मागवू नका. पिशवी उघडल्यावर पाण्याचा वास घ्या, कुजका वास असेल तर तास-तासभर ड्रिप करत बसू नका, तापमान आणि खारटपणा जुळवून लवकर बाहेर काढा. पिशवीचं पाणी टँकमध्ये नाही. आणि थेट मुख्य टँकमध्येही नाही, ४० लिटरचा एक साधा हॉस्पिटल टँक, हिटर किंवा थंडावा जे लागेल ते, एअर स्टोन, बारीक लाईट, त्यात निदान आठवडाभर.

पहिले दोन-तीन दिवस ते एखाद्या वेळी पूर्ण बसलं, तपकिरी तारा बाहेर टाकल्या, तर घाबरू नका, पोट साफ करतंय. पण रोज फुगणं-बसणं, तोंड सैल, पाय न धरणं असं चालू राहिलं तर आत जंतुसंसर्ग आहे असं धरून चाला. यासाठी जगभरचे कार्पेटवाले सिप्रोफ्लॉक्सासिन वापरतात, साधारण ४० लिटरला २५० मिलिग्रॅम, लाईट बंद झाल्यावर द्यायचं कारण उजेडात ते औषध मोडतं, दुसऱ्या दिवशी सगळं पाणी बदलून पुन्हा तेवढंच, असं सात दिवस. रोज तयार, त्याच तापमानाचं, त्याच खारटपणाचं ४० लिटर पाणी लागतं, ते आधी करून ठेवा. हे फक्त हॉस्पिटल टँकमध्ये, मुख्य टँकमध्ये घातलंत तर तिथले चांगले जंतू मारून बसाल. माणसाचं चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे, ओळखीच्या पशुवैद्याशी बोलून घ्या, आणि काढलेलं पाणी विहिरीकडे किंवा ओहोळात ओतू नका, कार्बनमधून फिरवून मग टाका.

मुख्य टँकमध्ये हलवताना वाळूत काचेपर्यंत खड्डा करा, पाय त्यात सोडा, कडेने वाळू हलक्या हाताने लोटा आणि दोन दिवस जवळचा वेव्हमेकर कमी ठेवा. दुसऱ्या दिवशी ते दोन वीत लांब गेलेलं दिसलं तर परत ओढून आणू नका, जागा त्यालाच ठरवू द्या. वेव्हमेकरवर आणि ओव्हरफ्लोच्या तोंडावर जाळी आधीच हवी.

खाणं आठवड्यातून दोनदा, नखाएवढा तुकडा, जास्त नाही. मोठा घास दिला की दोन दिवसांनी अर्धवट कुजलेला बाहेर टाकतं आणि पाणी खराब. सोललेलं सुंगट म्हणजे कोळंबी, तिसऱ्या, शिणाण्या (दोन्ही शिंपल्यातल्या), मुड्डोशी माशाचा पांढरा तुकडा, हे सगळं चांगलं. बांगडा-तारली तेलकट, पाण्यावर तवंग येतो, क्वचितच द्या. बाजारातून आणलेलं आधी आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि गोड्या पाण्याने धुऊन द्या. २०१८ साली मडगावच्या मासळी बाजारात फॉर्मेलिनचं प्रकरण झालं ते आठवत असेलच, तेव्हापासून मी टँकसाठी ओळखीच्या रापणकाराकडून किंवा स्थानिक होडीवाल्याकडूनच घ्या असं सांगतो, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते तेव्हा बाहेरून आलेलं कसलंही देण्यापेक्षा मे मध्येच छोटी पाकिटं करून ठेवा, कार्पेटला लागतं ते मूठभर.

तुमचे ओसेलारिस. समुद्रात ते हॅडोनीत राहत नाहीत, त्यांची घरं जायगँटिया, मर्टेन्साय आणि मॅग्निफिका नावाचं दुसरं ॲनिमोनी. टँकमध्ये बऱ्याच जोड्या हॅडोनी स्वीकारतात, पण काही वर्षभर ढुंकून बघत नाहीत आणि हॅचरीत जन्मलेल्याने तर ॲनिमोनी कधी पाहिलेलंच नसतं. हळूहळू अंगाचा चिकट थर तयार होईपर्यंत तो मासाही खाल्ला जाऊ शकतो, विशेषतः छोटा असेल तर. हॅडोनीची खरी जोडी म्हणजे सेबी क्लाऊनमासा, आपल्याच हिंदी महासागरातला, नाहीतर क्लार्की किंवा सॅडलबॅक. सीएमएफआरआयच्या (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या) हॅचरी तंत्रामुळे आता भारतात जन्मलेले क्लाऊन मिळतात, तेच घ्या. फक्त सेबी मोठा होतो आणि अंडी घातली की हाताला चावतो.

हातावरून आठवलं, उघड्या हाताने कार्पेटला लावू नका. लांब ग्लोव्ह्ज, कोपरापर्यंत. तळव्याला फारसं कळत नाही पण मनगटाच्या आतल्या बाजूला लागलं तर लाल पुरळ येते आणि आठवडाभर खाजते. लहान मुलांना स्टूलवर चढून हात घालू देऊ नका. ओठ-डोळे सुजले, श्वास लागला तर घरगुती उपाय करत न बसता सरळ बांबोळीचं सरकारी रुग्णालय गाठा. विष साधं नाही, याच्या कॅरिबियनमधल्या एका भाऊबंदाच्या विषातून मिळालेल्या ३५ अमिनो ॲसिडच्या पेप्टाईडवरून सोरायसिससारख्या आजारांवर औषध बनवायचं काम चाललंय.

एकाने मला असंही विचारलं होतं की ग्रँड आयलंडला डायव्हिंगला जातो तेव्हा तिथूनच एखादं आणलं तर. नाही आणायचं. कडक प्रवाळ तर २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्याचा तुकडा जरी पिशवीत सापडला तरी भारी पडेल, आणि ॲनिमोनी खडकातून खरवडून काढलं की पाय फाटतो, ते तसंही जगत नाही. हणजूण-वागातोरच्या खडकांत ओहोटीला जे दिसतं ते तिथेच बघायचं.

तर तुमचं वेळापत्रक असं धरा: आता चिलर आणि इन्व्हर्टर, पाऊस संपेपर्यंत वाळू वाढवणं आणि मँडरिन-गोबीची सोय, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोज सकाळ-संध्याकाळ तापमान आणि आठवड्याला अल्कलिनिटी लिहून ठेवा. तापमान दिवसभरात एका डिग्रीपेक्षा जास्त हललं नाही आणि अल्कलिनिटी अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त हलली नाही तर ते आकडे आणि विक्रेत्याचे व्हिडिओ मला पाठवा, कांड दिसेल असा एक तरी असू दे, मग जात कुठली आणि घ्यायचं की नाही ते बघून सांगतो.